कॉलेजचा ट्रेक आखायचाय? आधी परतीची वेळ ठरवा

कॉलेजच्या ट्रेकिंग क्लबची नवी कमिटी बसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठला किल्ला? एक जण कोकणकडा म्हणतो, दुसरी कळसूबाई म्हणते, तिसऱ्याने अंधारबनाचे फोटो पाहिलेले असतात. अर्ध्या तासात पोस्टर तयार होतं, दोन दिवसांत चाळीसेक नावं येतात आणि मग गाडी, परवानगी, जेवण यांची धावपळ सुरू होते. ट्रेकच्या दिवशी हे सगळं कसंबसं जुळतंही. पण उतरताना निम्मा गट मागे राहतो, अंधार पडायला लागतो आणि तिथे घोडं पेंड खातं.

पुण्यात शिकत असताना मी क्लबचे ट्रेक आखायचो, आता नव्या कमिटीतल्या मुलामुलींना मदत करतो. माझा आग्रह एकच असतो. गटातला सगळ्यात सावकाश चालणारा माणूस भरपूर उजेड असताना पायथ्याला पोचलाच पाहिजे. ती वेळ आधी कागदावर लिहा. मग किल्ला, वाट, माणसं, गाडी हे सगळं त्या वेळेपासून मागे मागे येत ठरवा. खालची उदाहरणं पुण्याच्या आसपासची आणि नगर-नाशिककडची आहेत. तुम्ही कोल्हापूर किंवा मुंबईकडचे असाल तर आपापले डोंगर तिथे घाला.

## १. उलटा हिशोब मांडा

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे साडेचारला सगळे पायथ्याला हवेत. दीड तास शिल्लक का ठेवायचा? उतरताना कुणाचा तरी गुडघा बोलायला लागतो, कुणाच्या बुटाचा सोल सुटतो, कुणाचा पाय मुरगळतो. तो दीड तास यासाठी राखून ठेवलेला असतो, फोटोंसाठी नव्हे.

आता पायथ्याच्या गुंजवणे गावातून राजगड घ्या. चढ साधारण सहाशे मीटरचा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला होता: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. तो सराईत चालणाऱ्यासाठी आहे. पंचवीस जणांच्या, त्यातही पहिल्यांदा डोंगर चढणाऱ्यांच्या गटाला तो लावू नका. अशा गटाला तासाला अडीचशे-तीनशे मीटर चढ पुष्कळ झाला. म्हणजे थांबे धरून चढायला तीन तास आणि उतरायला सव्वादोन.

साडेचारातून सव्वादोन तास वजा केले की सव्वादोनला पद्मावती माचीवरून (माची म्हणजे बालेकिल्ल्याखालचा सपाट भाग) निघायला हवं. गडावर तीन तास हवेत, म्हणजे सव्वाअकराला वर पोचायला हवं, म्हणजे सव्वाआठला चढायला सुरुवात. नाश्ता, हजेरी, सूचना यांना पाऊण तास. साडेसातला गुंजवणे, म्हणून साडेपाचला पुणे सोडायचं आणि जमायचं पाच वाजता.

हा हिशोब मांडला की आपोआप कळतं की एवढ्या मोठ्या गटाला बालेकिल्ला आणि संजीवनी, सुवेळा या दोन्ही माच्या एका दिवसात होणार नाहीत. बालेकिल्ल्याच्या चढावरच बराच वेळ जातो. त्यामुळे एक काय ते निवडा आणि पोस्टरवर तेवढंच लिहा. पोस्टरवर लिहिलेलं सगळं दाखवायच्या भरात आयोजक निघायची वेळ पुढे ढकलत राहतात.

या हिशोबातून आणखी एक वेळ काढा: माघारीची. आपल्या उदाहरणात ती साडेबारा धरा. साडेबारापर्यंत गडावर पोचलो नाही तर जिथे असू तिथून वळायचं. ही वेळ ट्रेकच्या आधी सगळ्यांना सांगून ठेवा. ऐनवेळी सांगितली तर वाद होतो आणि वादात बहुतेक वेळा 'आलोच आहोत तर' जिंकतं.

## २. किल्ला नव्हे, वाट निवडा

एकाच किल्ल्याला सोपी वाट असते आणि अवघडही असते. राजगडाला पाली दरवाजाने गेलात तर रुंद पायऱ्या मिळतात. गुंजवण्याकडून चोर दरवाजाने गेलात तर शेवटच्या टप्प्यात रेलिंग धरून एकेकाने चढावं लागतं. हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट नवख्यांनाही जमते, खिरेश्वरहून टोलार खिंडीची लांब पडते आणि नळीची वाट हा कसलेल्यांचा प्रांत आहे. खांडसहून भीमाशंकरला जाताना गणेश घाट हा चालण्याचा रस्ता आहे, शिडी घाटात कातळावर शिड्या आहेत. म्हणून 'भीमाशंकर ट्रेक' असं कधीही जाहीर करू नका. कुठून चढणार आणि कुठून उतरणार, दोन्ही लिहा.

वर्षातला पहिला ट्रेक सोपाच ठेवा. आतकरवाडीहून सिंहगड, मळवलीहून लोहगड, तिकोना, कोरीगड. यात कमीपणा काही नाही. कोण कसं चालतं, कुणाला उंचीची भीती वाटते, कोण वाटेत इतरांकडे लक्ष देतं, हे सगळं इथे दिसतं आणि वर्षभर कामाला येतं. दुसरा-तिसरा ट्रेक राजगड, तोरणा, कळसूबाई असा चढत न्या. अलंग-मदन-कुलंगसारखं दोर लागणारं काहीही क्लबच्या खुल्या ट्रेकमध्ये घेऊ नका. ते प्रशिक्षित माणसांसोबत, वेगळ्या तयारीने करायचं काम आहे.

ऋतू पाहताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. जून ते सप्टेंबर कातळावर शेवाळ धरतं, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा वरच्या अंगाला पाऊस झाला की दुपारी ओलांडता येत नाही. २०२४च्या जूनअखेरीस लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, ती अशाच अचानक वाढलेल्या पाण्यात. जिथे ओढा ओलांडूनच परतावं लागतं ती वाट पावसाळ्यात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मार्च ते मे उन्हाचा तडाखा असतो आणि गडावरची पाण्याची बरीच टाकी तळाला गेलेली असतात. या दिवसांत अकराच्या आत उतरायला लागायचं. ऑक्टोबर आणि मे महिन्यांत दुपारनंतर विजा होतात. उरला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेमक्या याच काळात सत्र परीक्षा असतात, म्हणून वेळापत्रक लागल्याबरोबर तारखा पकडा.

नियमही आधी पाहून घ्या. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर आणि ताम्हिणी इथे अभयारण्यं आहेत. वन विभागाचं प्रवेशशुल्क असतं आणि पावसाळ्यात काही वाटा बंद केल्या जातात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आहेत: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग, बारावा तमिळनाडूतला जिंजी. यातल्या कुठल्याही गडावर मुक्काम, चूल किंवा मोठा गट न्यायचा विचार असेल तर तिथला आत्ताचा नियम फोन करून विचारा. मागच्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेल असं गृहीत धरू नका.

## ३. रेकी करा

दोघा-तिघांनी ट्रेकच्या दोन-तीन आठवडे आधी तीच वाट चालून यायची. इंटरनेटवर ट्रॅक मिळतो म्हणून रेकी टाळणारे खूप आहेत. ट्रॅक फोनमध्ये घ्याच, ऑफलाइन नकाशाही उतरवून ठेवा, पण वाट दाखवणं एवढंच रेकीचं काम नसतं.

सह्याद्रीत चुकवतात त्या ढोरवाटा. गुरं चरायला जातात त्या वाटा चांगल्या रुळलेल्या, गडाच्या वाटेपेक्षाही ठळक असतात. त्या पदरात, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, आडव्या आडव्या जातात आणि एखाद्या झऱ्यापाशी किंवा कारवीच्या रानात संपतात. चढताना एवढा त्रास होत नाही, कारण गड समोर दिसत असतो. उतरताना मात्र एकाच सोंडेवरून तीन वाटा खाली उतरताना दिसतात आणि तिन्ही सारख्याच वाटतात. म्हणून रेकीत उतरताना प्रत्येक फाट्यावर थांबा, वर वळून पाहा आणि खूण लिहा: 'उंबराचं झाड, उजवी सोडायची, डावी धरायची.' फोटो खालून आणि वरून असे दोन्ही बाजूंनी काढा.

याखेरीज वहीत हे टिपून आणा: पाणी कुठे आहे आणि पिण्याजोगं आहे का, फोनला रेंज कुठे येते, आग्या मोहोळं कुठल्या कड्याला आहेत, पंचवीस माणसं सावलीत बसतील अशी जागा कुठे आहे, मोठी गाडी कुठपर्यंत जाते आणि कुठे वळते, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय कुठे आहे. मुलींसाठी पायथ्याच्या कुठल्या घरी स्वच्छतागृह वापरता येईल हे त्या घरच्या काकूंना किंवा मावशींना भेटून आधीच विचारा. हा प्रश्न ट्रेकच्या सकाळी काढला की मुली संकोचाने गप्प बसतात आणि दिवसभर पाणी पीत नाहीत. उन्हात पाणी न पिण्याचे परिणाम दुपारी दिसतात.

गावकऱ्यांना वाट जरूर विचारा, वेळ मात्र विचारून आपल्या हिशोबात धरू नका. 'हे काय, अर्ध्या तासात वर' हे त्यांच्या पायांसाठी खरंच असतं.

## ४. कागदपत्रं जमवा

हे काम कंटाळवाणं आहे, पण तीन आठवडे आधी सुरू केलं तर सहज होतं. बहुतेक कॉलेजांत अर्ज क्लबच्या प्रभारी शिक्षकांकडून जिमखान्याकडे आणि तिथून प्राचार्यांकडे जातो. वाटेत एक जण रजेवर असतोच, म्हणून दिवस हाताशी ठेवा. लागणारे कागद असे:

- प्राचार्यांच्या सहीचं परवानगीपत्र; त्यात तारीख, ठिकाण, वाट, निघण्या-परतण्याच्या वेळा आणि सोबतच्या शिक्षकांची नावं
- सहभागी विद्यार्थ्यांची यादी: वर्ग, मोबाइल, रक्तगट, घरच्या दोन माणसांचे क्रमांक
- पालकांचं संमतीपत्र, सहीसकट; अकरावी-बारावीची मुलं असतील तर ते नसताना कुणालाही नेऊ नका
- आरोग्याची माहिती: दमा, फिट येणं, हृदयविकार, मधुमेह, ॲलर्जी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, चालू औषधं
- कॉलेजच्या विद्यार्थी अपघात विम्याची प्रत. सहल किंवा ट्रेक त्यात येतो का हे कार्यालयात विचारून लेखी घ्या
- गाडीचे आर.सी., विमा, परमिट आणि चालकाचा परवाना यांचे फोटो
- अभयारण्य असेल तर वन विभागाची परवानगी किंवा शुल्काची पावती

मुली असतील तर सोबत शिक्षिका हवी अशी अट बऱ्याच कॉलेजांत असते. मॅडमना शेवटच्या आठवड्यात विचारू नका, तारीख ठरवतानाच विचारा.

आरोग्याचा कागद सगळ्यांसमोर वाचू नका आणि गटाच्या चॅटवर टाकू नका. तो दोघांकडेच राहावा, प्रमुख आयोजक आणि प्रथमोपचार सांभाळणारा. आपली माहिती फुटणार नाही अशी खात्री वाटली तरच मुलं खरं लिहितात.

बाहेरच्या एखाद्या व्यावसायिक ट्रेकिंग संस्थेला काम द्यायचं ठरलं, तर राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार तिची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी झाली आहे का, ते प्रमाणपत्र मागून पाहा.

## ५. माणसं किती आणि कोण

नवख्यांचा गट पंचवीसच्या पुढे नेऊ नका. सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला एक जण, सगळ्यात मागे दमदार आणि शांत स्वभावाचा एक जण, आणि मध्ये दर सहा-सात जणांमागे एक. पुढचा आणि मागचा, दोघेही रेकीला गेलेले हवेत.

मागे राहणारा माणूस निवडताना फार विचार करा. क्लबमधला सगळ्यात वेगवान ट्रेकर या कामाला सहसा चालत नाही. जो थकलेल्या मुलीला 'चल चल, थोडंच राहिलंय' म्हणत नाही, तिच्या बाजूला बसतो, पाणी देतो आणि तिची सॅक न बोलता स्वतःच्या खांद्यावर घेतो, असा माणूस हवा.

नाव नोंदवताना प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा: याआधी शेवटचं लांब कधी चाललात, आणि जिने चढताना धाप लागते का? उत्तर अडचणीचं वाटलं तर नकार देऊ नका, सिंहगडाला बोलवा. मित्राच्या भिडेखातर 'बघू, येईल तो' असं मात्र करू नका. त्याची फरपट होते आणि गटाचाही खोळंबा होतो.

## ६. पैशांचा मेळ

गाडीचं भाडं माणशी काढताना पूर्ण संख्येने भागू नका. चोवीस नावं असतील तर वीस येतील असं धरा. समजा गाडी दहा हजार, जेवण-नाश्ता माणशी अडीचशे, प्रथमोपचाराचं सामान आणि किरकोळ मिळून हजार. अकरा हजारांना विसाने भागलं की साडेपाचशे, वर अडीचशे, म्हणजे आठशे रुपये. चोवीस आले तर उरलेलं परत करा किंवा सगळ्यांना विचारून क्लबच्या दोरा-टॉर्चांसाठी ठेवा. कमी आले तर आयोजकांना पदरमोड करावी लागत नाही.

पैसे आगाऊ घ्या आणि परताव्याचा नियम नोंदणीच्या वेळीच लिहून द्या: पाच दिवस आधी कळवलं तर पूर्ण परत, नंतर गाडीचा वाटा कापून. पैसे एकाच माणसाच्या यूपीआयवर येऊ द्यात आणि हिशोब दुसऱ्याने लिहावा. रोख दोन-तीन हजार सुट्ट्या नोटांत सोबत ठेवा; पायथ्याच्या गावात रेंज नसली की यूपीआयचा उपयोग नाही.

पैशांअभावी कुणी मागे राहत असेल तर त्याची वर्गणी क्लबने गुपचूप भरावी. ही तजवीज दर ट्रेकला करून ठेवायला हवी.

## ७. गाडी

सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली तर चोवीस जणांना दुसरी गाडी लागते, हे माणसं ठरवतानाच बघा. एका गाडीत कोंबून नेणं नकोच. पंचवीसच्या वर संख्या गेली तर एसटीचा प्रासंगिक करार, म्हणजे अख्खी बस भाड्याने घेणं, परवडतो. आगारात आधी चौकशी करून अर्ज द्यावा लागतो. खासगी गाडी ठरवताना भाड्यात काय काय धरलंय ते लिहून घ्या: दिवसाचे किमान किलोमीटर, टोल, चालकाचा भत्ता, पार्किंग, जादा तासांचे पैसे. राजगडाला जाताना खेड शिवापूरचा टोलनाका लागतो. तो कुणी भरायचा यावर पहाटे हुज्जत नको.

चालकदादांनाही साडेचारची वेळ सांगा, त्यांच्या नाश्ता-जेवणाची सोय करा आणि दुपारी झोपायला सावली मिळेल अशा जागी गाडी लावायला सांगा. परतीचा रस्ता त्यांनाच चालवायचा आहे.

लोहगडाला मात्र गाडी करूच नका. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरून भाजेमार्गे चालत जा. खर्च अगदी थोडा, आणि वाटेत भाजे लेणी. दुपारच्या लोकल विरळ असतात, तेवढं वेळापत्रक पाहून ठेवा.

## ८. जेवण

शक्यतो पायथ्याच्या गावात घरगुती जेवण सांगा. पैसा गावात राहतो आणि जेवणही चांगलं मिळतं. फक्त चोवीस जणांचं जेवण घरात कसं होतं हे एकदा रेकीला जाल तेव्हा चुलीपाशी बसून पाहा. भाकऱ्या एका तव्यावर एकेक थापून भाजायच्या असतात. माणशी दोन धरल्या तरी पन्नासएक भाकऱ्या झाल्या. मावशी, सासूबाई आणि शेजारची वहिनी अशा तिघी लागतात आणि पीठ आदल्या दिवशीच दळून आणावं लागतं. म्हणून नक्की आकडा आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा, उतरायला उशीर होणार असेल तर रेंज मिळेल तिथून फोन करा, आणि ऐनवेळी चार माणसं कमी झाली तरी सांगितलेल्या ताटांचे पैसे द्या. जेवण तयार असताना 'आम्हाला वेळ नाही, तसेच निघतो' म्हणणारे गट असतात. तसं वागलात तर पुढच्या वर्षी त्या गावात क्लबला दार उघडलं जाणार नाही.

आपल्या वेळापत्रकात पिठलं-भाकरी साडेचारनंतर येते. तोवर पोटाला आधार हवा, म्हणून प्रत्येकाने गडावर खायला डबा आणायचा: चपाती-भाजी, ठेपले, गूळ-शेंगदाणे, केळी किंवा संत्री. चिप्सची पाकिटं बंद. कचरा गडावर राहतोच, शिवाय माकडं पिशव्या ओढतात.

## ९. सामान

प्रत्येकाकडे:

- दोन्ही खांद्यांवर बसणारी सॅक. हातात पिशवी चालणार नाही
- पाणी किमान तीन लिटर, उन्हाळ्यात चार
- तळाला चांगली नक्षी असलेले, आधी वापरलेले बूट
- पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, पावसाळ्यात रेनकोट (छत्री नको) आणि एक कोरडा कपड्यांचा जोड
- टॉर्च, दिवसाच्या ट्रेकलाही, आणि फोनचा उजेड टॉर्च म्हणून धरायचा नाही
- ओळखपत्र, स्वतःची औषधं, रिकामी पिशवी कचऱ्यासाठी

क्लबकडे: प्रथमोपचार पेटी (क्रेप बँडेज, गॉज, चिकटपट्टी, जंतुनाशक, ओआरएसची भरपूर पाकिटं, कात्री, हातमोजे), दोन जादा टॉर्च, दोन पॉवर बँक, शिट्ट्या, तीस मीटर दोर, सहभागींची छापील यादी. यादी छापीलच हवी, फोन संपतात.

नवे बूट घालून येणाऱ्यांना आधीच टोका. दुकानातून थेट राजगडावर आणलेले बूट पहिल्या तासातच टाच सोलतात. आणि जीन्सला नाही म्हणा. भिजली की जड होते, वाळत नाही आणि चढावर गुडघा वळू देत नाही.

## १०. आदल्या दिवशीचा निर्णय

हवामान खात्याचा जिल्हावार इशारा आदल्या दिवशी दुपारी आणि रात्री असा दोनदा पाहा. लाल किंवा नारिंगी इशारा असेल तर ट्रेक रद्द किंवा पुढे. पिवळा असेल तर गावात फोन करून तिथलं आभाळ विचारा. जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळांवर बंदी घातली असेल तर प्रश्नच मिटला.

रद्द करायचा अधिकार कुणाचा, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवा. माझ्या मते तिघांपैकी एकानेही 'नको' म्हटलं तर ट्रेक होऊ नये: प्रमुख आयोजक, सोबतचे शिक्षक आणि पुढे चालणारा. बहुमत घेऊ नका. वीस उत्साही मुलांचं मत मागितलं तर ती जायचंच म्हणणार.

त्याच रात्री कॉलेजमधल्या एका शिक्षकाकडे यादी, वाट आणि 'सात वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं' हे लिहून ठेवा.

## ११. डोंगरावर

चढायला लागायच्या आधी पाच मिनिटं उभं राहून सूचना द्या, लांबलचक भाषण नको. पुढच्याच्या पुढे जायचं नाही, मागच्याच्या मागे राहायचं नाही. वाट सोडून कुणालाही कुठे जायचं असेल, अगदी लघवीलाही, तर जोडीदाराला सांगून आणि सॅक वाटेवर ठेवून. सॅक दिसली की मागचा थांबतो.

प्रत्येकाला क्रमांक द्या आणि दर थांब्यावर क्रमाने आकडे म्हणायला लावा. डोकी मोजण्यापेक्षा हे बरं. मोजणारा चुकतो, एखाद्याचा आकडा यायचा राहिला तर शेजारचा लगेच ओरडतो.

फाट्याचा नियम पक्का करा. फाटा आला की पुढचा थांबतो, मागचा दिसेपर्यंत हलत नाही. सगळे आले की लगेच निघू नका. पुढचे दहा मिनिटं विसावलेले असतात आणि मागचे तेव्हाच टेकलेले असतात. त्यांनाही पाच मिनिटं द्या. बहुतेक गट इथेच शेवटच्या चौघांना दमवतात.

चोर दरवाजासारखी चिंचोळी जागा आली की गर्दी खाली, सपाटीवर थांबवा. एक आयोजक वर, एक खाली. एका वेळी एक जण; तो वर पोचून बाजूला झाला की दुसरा. चोवीस जणांना यात अर्धा-पाऊण तास जातो आणि उतरताना थोडा जास्तच. हा वेळ वरच्या हिशोबात धरलेला आहे, तेव्हा घाई करू नका. खालच्यांना दगड लागू नये म्हणून रेलिंगच्या सरळ रेषेत कुणालाही बसू देऊ नका. विजा चमकायला लागल्या तर माचीवरून, झेंड्यापासून आणि लोखंडी रेलिंगपासून दूर व्हा.

मोहोळांजवळ धूर नको, आरडाओरडा नको, अत्तर-परफ्यूम तर त्या दिवशी लावायचंच नाही. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका. डोकं-चेहरा झाकून तिथून लांब निघा, पण कड्याच्या बाजूला नाही.

गडाच्या टाक्यात पाय सोडणं, भिंतीवर नावं लिहिणं, बुरुजाचे दगड हलवणं हे दिसलं की तिथल्या तिथे थांबवा. नंतर सांगू म्हणू नका.

## १२. काही झालंच तर

आधी सगळा गट सुरक्षित जागी बसवा. जखमीजवळ दोघे-तिघेच. मग ठरवा: तो स्वतः चालू शकतो का?

- पाय मुरगळला तर क्रेप बँडेज, त्याची सॅक दुसऱ्याकडे, सावकाश उतार. पायावर भार देता येत नसेल तर ओढत नेऊ नका.
- ऊन लागलं तर सावली, ओल्या कपड्याने अंग पुसणं, वारा घालणं. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा ग्लानीत गेला तर तो जिवावरचा प्रसंग आहे, मदत लगेच मागवा. शुद्ध नसलेल्याला पाणी पाजू नका.
- साप चावला तर त्या माणसाला कमीत कमी हालू द्या, अंगठी-पैंजण काढा, चावलेला भाग स्थिर ठेवा. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी कुठला होता हे शोधण्यात वेळ घालवू नका. प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठा. ते कुठे आहे हे रेकीच्या वहीत आहेच.

आणीबाणीला ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८. कड्यावरून उचलून आणण्याची वेळ आली तर अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी जोडलेल्या बचाव समन्वय केंद्राचा आणि त्या भागातल्या पथकाचा क्रमांक (लोणावळ्याकडे शिवदुर्ग मित्रचं पथक आहे) निघायच्या आधीच फोनमध्ये आणि कागदावर असू द्या. फोन करताना किल्ला, वाट, जवळची खूण, नकाशावरचे अक्षांश-रेखांश, जखमीची अवस्था आणि तुमच्याकडे किती माणसं आहेत, एवढं क्रमाने सांगा. रेंज नसेल तर दोघांना लिहिलेली चिठ्ठी देऊन पाठवा. एकट्याला कधीच पाठवू नका. उरलेला गट तोवर एका आयोजकासोबत सोप्या वाटेने खाली काढायला लागा. सगळ्यांनी वर थांबून मदत होत नाही.

घरच्यांना फोन एकानेच करायचा, शिक्षकांनी. चॅटवर फोटो जाऊ देऊ नका.

## १३. परतल्यावर

गाडीत बसल्यावर पुन्हा आकडे म्हणून घ्या आणि मगच गाडी हलवा. कॉलेजात थांबलेल्या शिक्षकांना फोन करा. रात्री उशीर झाला असेल तर मुली घरी किंवा हॉस्टेलवर पोचल्याचा निरोप येईपर्यंत आयोजकांपैकी एकाने जागं राहायचं.

दोन दिवसांत हिशोब गटावर टाका, पावत्यांच्या फोटोंसकट. आठवड्याच्या आत एक पान लिहून ठेवा: ठरवलेल्या वेळा आणि प्रत्यक्षातल्या वेळा शेजारी शेजारी, कुठल्या फाट्यावर गोंधळ झाला, टाक्यात पाणी किती होतं, गाडीवाले कसे होते, जेवणाच्या घरचा क्रमांक. ही पानं एका फाइलमध्ये आणि क्लबच्या सामायिक खात्यात, दोन्हीकडे ठेवा. तिसऱ्या वर्षाची मुलं जूनमध्ये बाहेर पडायच्या आधी खात्याचा पासवर्ड, दोर, टॉर्च आणि प्रथमोपचार पेटी नव्या कमिटीच्या हातात यादीप्रमाणे द्या, आणि पेटीतल्या औषधांच्या तारखा त्याच वेळी तपासून घ्या.